विहिरीला पाणी लागलं, पण आशीर्वाद नेमका कशासाठी?

माळावरचा_मळा (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.४०

सर्वांना सलाम.

इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही पाथर्डी तालुक्यातले. साडेचार एकर माळरान, आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती. वडिलांनी पोरवयात १९७२ चा दुष्काळ काढला. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो ज्वारीवर दिवस काढले. त्यामुळे पाणी हा विषय निघाला की त्यांचा आवाजच बदलायचा.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही विहीर आणखी दोन परस (परस म्हणजे पुरुषभर खोली) खाली नेली आणि आडवे बोअर मारले. तिसऱ्या बोअरला पाणी फुटलं. मंडळी काठावर जमली, पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं, आई रडत होती. वडील तिथेच सर्वांसमोर म्हणाले, "सकाळचे दोन तास वस्तीचे." वस्तीवर पंचवीस-तीस घरं, बहुतेक ऊसतोडीला जाणारी. आमच्या चर्चच्या मंडळीतली त्यातली दोनच. दुसऱ्या दिवशी वडिलांनी बांधावर पाइप काढून कॉक बसवला.

वडील गेल्या पावसाळ्यात प्रभूकडे गेले. आता कारभार माझ्याकडे. डाळिंबाची चारशे झाडं ठिबकवर आहेत, सोसायटीचं कर्ज आहे. यंदा फेब्रुवारीतच पाणी एक परस खाली गेलं. मी घाबरलो आणि कॉक बंद केला. वस्तीवर सांगितलं, मोटर जळाली. मोटर जळाली नव्हती.

त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने काय केलं ते सर्वांसमोर सांगायची, वेळ आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सगळीकडे करपलंय, पण प्रभूने माझी बाग हिरवी ठेवली, त्याने मला आशीर्वादित केलं." मागच्या रांगेत वस्तीवरची एक बाई तिच्या दोन मुलांना घेऊन बसली होती. मुलं आमच्या संडे स्कूलला येतात. ती काही बोलली नाही. माझ्याकडे पाहत होती, एवढंच. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

दुसरी गोष्ट. डिसेंबरात धाकट्या भावाला घेऊन मी एका मोठ्या आशीर्वाद सभेला गेलो होतो. त्याची चाकणची नोकरी सुटली होती. वक्ते म्हणाले, विश्वास असेल तर भरभराट दिसलीच पाहिजे, दिसत नसेल तर आधी दानाचं बी पेरा. भावाने खिशातले होते ते पाचशे रुपये टाकले. परतताना एसटीत मला विचारलं, "दादा, म्हणजे माझ्यावर आशीर्वाद नाही का?" मला उत्तर देता आलं नाही.

देव आशीर्वाद देतो, यावर माझा विश्वास आहे. तो कशासाठी देतो, हे मला कुणीतरी नीट सांगा.

---

साक्षी_पिंपरी | रविवार, रात्री १०.२५

दादा, स्वतःला इतकं दोषी ठरवू नका. अनुवाद २८ वाचा. आज्ञा पाळणाऱ्याला नगरात आशीर्वाद, शेतात आशीर्वाद, टोपलीला आणि परातीला आशीर्वाद. हे देवाचंच वचन आहे ना? आम्ही भाड्याच्या खोलीत नऊ वर्षं काढली, दर महिन्याला दशमांश (कमाईचा दहावा भाग) दिला आणि गेल्या वर्षी स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. ती साक्ष मी का लपवू? देवाने दिलं ते देवाने दिलं असं म्हणण्यात पाप नाही. तुमची बाग हिरवी आहे, त्याबद्दल उपकारस्तुती करा.

---

निवृत्त_पाळक | सोमवार, सकाळी ६.५०

माळावरच्या भावा, सलाम. साक्षीताई, तुम्हालाही.

ताई म्हणतात त्यात खरं आहे, ते आधी सांगतो. आशीर्वाद म्हणजे फक्त आत्म्याचं काहीतरी, असं बायबल कुठेच म्हणत नाही. पाऊस, पीक, लेकरं, गुरं हे सगळं त्यात येतं. उगाच अति-आध्यात्मिक होऊन भाकरीला नाकं मुरडणं हे शास्त्राला धरून नाही.

पण अनुवाद २८ वाचायचा तर आठवा अध्याय ओलांडून कसं जाता येईल? तिथे मोशे लोकांना बजावतो की पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरं वाढतील आणि मग मनात म्हणाल, हे माझ्या हाताच्या बळाने झालं. संपत्ती मिळवायचं सामर्थ्य देणारा परमेश्वर आहे, हे विसरू नका. आणि तो ते का देतो? पूर्वजांशी केलेला करार पक्का करण्यासाठी. त्या कराराचं मूळ उत्पत्ती १२ मध्ये आहे. देव अब्राहामाला म्हणतो, मी तुला आशीर्वाद देईन. वाक्य तिथे थांबत नाही. तू स्वतः आशीर्वाद होशील आणि पृथ्वीवरची सगळी कुळं तुझ्याद्वारे आशीर्वाद पावतील, असं ते पुढे जातं. आपण पहिला अर्धा भाग घरात फ्रेम करून लावतो.

आता तुमच्या विहिरीकडे येतो. यहोशवाच्या १५ व्या अध्यायात कालेबाच्या मुलीची, अखसाची गोष्ट आहे. लग्नानंतर ती गाढवावरून उतरते आणि बापाला म्हणते, मला आशीर्वाद द्या. तुम्ही मला कोरडवाहू मुलूख दिलाय, आता पाण्याचे झरेही द्या. बाप तिला वरचे झरे देतो आणि खालचेही देतो. तिने वापरलेला इब्री शब्द 'बराखा' आहे. त्याचा अर्थ आशीर्वाद, आणि देणगीही. याकोब एसावाला भेटतो तेव्हा जी गुरंढोरं पुढे करतो त्यांनाही तो हाच शब्द लावतो. ज्याने एकेकाळी फसवून आशीर्वाद घेतला, तो वीस वर्षांनी भावाला म्हणतो, माझा हा 'बराखा' घे.

नव्या करारातही हेच दिसतं. प्रेषित पौल २ करिंथकरांस ९:५ मध्ये यरुशलेमच्या गरीब विश्वासीयांसाठी गोळा होणाऱ्या वर्गणीबद्दल लिहितो. तिथे वर्गणीला तो जो ग्रीक शब्द वापरतो तो 'युलोगिया', म्हणजे आशीर्वाद. थोडं पुढे, आठव्या वचनात, तो म्हणतो की देव तुम्हाला सर्व प्रकारची कृपा विपुल देऊ शकतो, ती यासाठी की तुमचं स्वतःचं भागून प्रत्येक चांगल्या कामासाठी उरावं.

सेवेची एकतीस वर्षं मी प्रत्येक उपासनेच्या शेवटी हात वर करून गणना ६ मधला आशीर्वाद उच्चारला. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो. तो उच्चारला की लोक दाराकडे वळतात. उशिरा का होईना, माझ्या लक्षात आलं की तो आशीर्वाद बाहेर पडणाऱ्यांना दिलेला असतो.

तुमच्या वडिलांना हे सगळं इब्री-ग्रीकशिवाय कळलं होतं.

---

रात्रपाळीची_नर्स | सोमवार, दुपारी ३.१०

पाळकसाहेब, मन भरून आलं. पण धाकट्या भावाच्या प्रश्नाचं काय? त्याच्याकडे विहीर नाही. त्याने काय वाटायचं?

मी विचारते कारण तो प्रश्न माझाही आहे. आमचं बाळ अकराव्या दिवशी गेलं. त्यानंतर घरसभेला आलेल्या एका बहिणीने मला हळूच विचारलं, घरात काही गुप्त पाप आहे का, देवाने आशीर्वादाचा हात का काढला? त्यांनी ते प्रेमानेच विचारलं असेल. मी आठ महिने देवळात गेले नाही.

"आशीर्वाद दिसलाच पाहिजे" हे वाक्य माईकवरून बोलायला सोपं आहे. माझ्या वॉर्डात रोज रात्री अशी माणसं असतात ज्यांच्याकडे दाखवायला काहीच नसतं. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू धन्य कुणाला म्हणतो? दीनांना, शोक करणाऱ्यांना, न्यायासाठी भुकेल्यांना. बँकेतल्या शिलकीचा तिथे उल्लेखही नाही.

---

साक्षी_पिंपरी | सोमवार, दुपारी ४.००

ताई, वाचून खूप वाईट वाटलं. मी तसं म्हणत नव्हते, खरंच. पण तुम्ही लिहिल्यावर विचार करतेय की माझी फ्लॅटची साक्ष ऐकताना आमच्या मंडळीत अजून भाड्याने राहणाऱ्यांना काय वाटलं असेल. त्यातले काही माझ्यापेक्षा जास्त वर्षं दशमांश देतायत.

---

केडगावची_लेक | सोमवार, रात्री ९.१५

नर्सताई, तुमच्यासाठी लिहितेय. माझं बालपण दौंडजवळच्या केडगावात, मुक्ती मिशनच्या सावलीत गेलं. पंडिता रमाबाईंचं नाव आम्ही घरातल्या आजीसारखं ऐकलं. मोठं काम, हजारो मुली, बायबलचं भाषांतर, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीचं फारसं कुणी सांगत नाही.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे उपासमारीने खंगून गेले. मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ. दोघं पायी देशभर फिरले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. देवाने हात काढला असं म्हणायचं झालं तर रमाबाईंबद्दलच म्हणावं लागेल.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक रस्त्यावर मरताहेत हे कळल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. शेकडो. केडगावला त्यांनी जमीन आधीच घेतली होती. तिथे आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्या बायका चालवत.

त्या मुलींच्या डोळ्यांतली भूक रमाबाईंना पुस्तकातून समजून घ्यावी लागली नाही. २ करिंथकर पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की देव आपलं सांत्वन करतो ते यासाठी की आपण इतर दुःखितांचं सांत्वन करू शकावं. म्हणजे सांत्वन हाही आशीर्वादच, आणि तोही पुढे द्यायचा. विहीर नसलेल्या माणसाकडेही तो असतो. बाळ गेलेल्या एखाद्या आईच्या शेजारी पहाटे तीन वाजता तुम्ही बसत असाल, तेव्हा तिथे तुमच्याइतकं कुणीच बसू शकत नाही.

चुकीचं बोलले असेन तर माफ करा.

---

रात्रपाळीची_नर्स | सोमवार, रात्री ११.४५

चुकीचं नाही बोललात. ड्युटीवर आहे. उद्या लिहिते.

---

आगाशीचा_वाडीवाला | मंगळवार, सकाळी ८.२०

मी कॅथलिक, वसईचा. विहिरीचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

आमच्याकडे एकेकाळी वाडीवाडीत गोड्या पाण्याच्या विहिरी आणि बावखलं (छोटी तळी) होती. पानवेल, केळी, फुलं, भाजीपाला सगळं त्यावर. मग आजूबाजूला इमारती वाढल्या आणि पाण्याला भाव आला. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याने टँकर भरून द्यायला सुरुवात केली. विहीर माझी, जमीन माझी, देवाने मला दिली, मी विकीन. पण जमिनीखाली कुणाच्या नावाचा सातबारा नसतो! उपसा वाढला आणि खालून खारं पाणी आत सरकलं. शेजाऱ्याची विहीर मचूळ झाली, मग विकणाऱ्याचीही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यासाठी रस्त्यावर उतरली, तेव्हा आमच्यातल्याच काहींना वाटलं, धर्मगुरूने मिस्सा करावी, टँकरमध्ये कशाला पडावं? फादर २०२४ मध्ये गेले. आता मागे पाहताना वाटतं, आमच्या धर्मग्रामातल्या माणसाला आशीर्वादाचा अर्थ त्या मोर्च्यांनी जेवढा शिकवला तेवढा कुठल्याही प्रवचनाने नाही. चर्चची शिकवण स्पष्ट आहे. खाजगी मालकी मान्य, पण सृष्टीतल्या वस्तू देवाने सगळ्या माणसांसाठी केल्या, म्हणून मालक हा कारभारी.

धागाकर्त्या दादांनी पाणी विकलं नाही, बंद केलं, एवढाच फरक. कठोर वाटलं तर क्षमा करा, पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं लिहितो.

---

राहुरीकर_ठिबक | मंगळवार, दुपारी १२.३०

वरच्या सगळ्यांचा आदर राखून थोडं शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. चारशे झाडं वाळली तर सोसायटीचं कर्ज मंडळी फेडणार नाही. बांधावरून उपदेश सोपा असतो. विहीर आटेपर्यंत वाटा असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

आणि पौलही तसं म्हणत नाही. २ करिंथकरांस ८:१३ काढा. इतरांना आराम आणि तुमच्यावर ओझं असं व्हावं म्हणून मी सांगत नाही, समानता व्हावी म्हणून सांगतो. लगेच पुढे तो मान्न्याची, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाची, आठवण काढतो, ज्याने जास्त गोळा केलं त्याला जास्त झालं नाही आणि ज्याने थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. रानात उद्याच्या भीतीने साठवलेल्या मान्न्यात किडे पडले. म्हणजे हिशेब करायचा, पण भीतीने करायचा नाही.

काही प्रश्न आहेत. विहीर किती तासांत भरून येते? मल्चिंग (झाडाच्या बुडाशी आच्छादन) केलंय का? ठिबक रोज चालवता की दिवसाआड? वस्तीला खरोखर दोन तास मोटर लागते की पंचवीस घरांचे हंडे अर्ध्या तासात भरतात?

अजून एक. आपल्याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटांनी आयुष्य घातलं. १९७२ नंतर त्यांनी पाहिलं की नुसत्या विहिरी खणून भागत नाही. डोंगरावरून धावणारं पाणी आधी चालायला लावायचं, मग थांबायला, मग मुरायला. त्यातूनच १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. माथा ते पायथा काम करायचं, म्हणजे वरच्या शेतकऱ्याने घाम गाळायचा आणि पाणी उतरायचं खालच्याच्या विहिरीत. मी तरुणपणी अशा एका गावात समतल चर खोदायला होतो. ज्याच्या रानात चर, त्याला त्या वर्षी काहीच दिसलं नाही. खालच्या विहिरी मात्र मार्चपर्यंत टिकल्या.

तुमच्या विहिरीला आलेलं पाणी वर कुणाच्या तरी रानात मुरलेलं आहे, दादा.

---

माळावरचा_मळा (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०.०५

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. आगाशीच्या दादांचं कठोर वाटलं नाही. तेच ऐकायला मी इथे आलो होतो बहुतेक.

राहुरीकर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. आमच्या वरच्या अंगाला गायरान आहे. तिथले चर १९७२ नंतरच्या कामातले. ते वस्तीतल्याच लोकांच्या बापजाद्यांनी खोदले, रोजंदारीवर. माझे वडीलही त्यात होते. हे मला माहीत होतं, पण एकत्र जोडून कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी बहुधा जोडलं होतं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: रात्रभरात विहीर साधारण पाच फूट भरते. मल्चिंग अर्ध्याच बागेत आहे. ठिबक रोज चालवतो. वस्तीला किती लागतं ते मी कधी मोजलंच नाही.

भावाला फोन केला. केडगावच्या ताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, शेजारच्या खोलीतल्या बिहारी पोराचीही नोकरी गेली, मी त्याला रोज माझ्याबरोबर जेवायला घेतो, ते धरायचं का मग?" मी म्हणालो, ते पहिलं धरायचं.

---

निवृत्त_पाळक | बुधवार, सकाळी ६.३०

भावा, एक गोष्ट उरली आहे. पाण्याचं तुम्ही कराल, त्याची मला काळजी नाही. मोटर जळाली हे तुम्ही वस्तीवर जाऊन सांगितलं होतंत. मग ती नव्हती जळाली, हेही वस्तीवरच जाऊन सांगायला हवं. आधी तिथे, मग उपासनेत. उलट क्रमाने नको.

उत्पत्ती २६ वाचून जा. इसहाकाने पेरलं, त्याच वर्षी शंभरपट पीक आलं, परमेश्वराने त्याला आशीर्वाद दिला असं तिथे स्पष्ट लिहिलंय. आणि त्यापुढचा जवळजवळ सगळा अध्याय विहिरींच्या भांडणांचा आहे. एका विहिरीचं नाव भांडण, दुसरीचं वैर. तिसरीवर कुणी भांडलं नाही, तिचं नाव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. आशीर्वादापासून मोकळ्या जागेपर्यंतची वाट इसहाकालाही चालावी लागली.

---

रात्रपाळीची_नर्स | बुधवार, सायंकाळी ५.२०

लिहिते म्हणाले होते. काल रात्री वॉर्डात एक मुलगी होती, पहिलं बाळ गेलेली. मी काही बोलले नाही. तिचे केस विंचरून वेणी घातली. तिने माझा हात सकाळपर्यंत सोडला नाही. केडगावच्या ताई, एवढंच सांगायचं होतं.

---

माळावरचा_मळा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ८.५०

काल झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) होता. काय झालं ते सांगतो.

शनिवारी संध्याकाळी वस्तीवर गेलो. आईही बरोबर आली, मी नको म्हणत असताना. पारावर सात-आठ माणसं होती. मी सांगितलं, मोटर जळाली नव्हती, मीच कॉक बंद केला, मला बागेची भीती वाटली. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारे बाबा माळकरी आहेत, वडिलांचे जोडीदार. ते म्हणाले, "आम्हाला माहीत होतं. मोटरीचा आवाज येतो की रात्री इकडं." मग त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

तिथेच बसून हिशेब केला. पिण्याला आणि गुरांना धरून चाळीस मिनिटं मोटर पुरते. दोन तास कधी लागतच नव्हते, उरलेलं पाणी ओघळून जायचं. आता बांधावर टाकी बसवायची ठरलीय, म्हणजे बायकांना लाइटच्या वेळेला धावावं लागणार नाही. टाकी वस्ती आणणार, जागा आणि पाणी माझं. ठिबक दिवसाआड केलंय, राहिलेल्या बागेत उसाचं पाचट टाकतोय. मेमध्ये ऊसतोडीहून सगळे परत आले की गायरानातले जुने चर साफ करायचे, हे बाबांनी काढलं, मी नाही.

काल उपासनेत साक्षीला उभा राहिलो तेव्हा ती बाई मागच्याच रांगेत होती. या वेळी मी तिच्याकडे पाहून बोललो.

एक अडचण आहे. टाकी वस्तीच्या बाजूला न्यायची तर विहिरीपासून पाइप कमी पडतोय, साधारण दोनशे फूट. दीड इंची. जुना चालेल. नगर-पाथर्डी बाजूला कुणाकडे पडून असेल तर कळवा.

---

राहुरीकर_ठिबक | सोमवार, रात्री ९.०२

माझ्याकडे दीडशे फूट आहे. गुरुवारी तिसगावच्या बाजाराला येतोय, टेम्पोत टाकून आणतो.

---

साक्षी_पिंपरी | सोमवार, रात्री ९.१०

उरलेल्या पन्नास फुटांचे पैसे मी पाठवते दादा. नंबर इथे नको, व्यक्तिगत निरोपात द्या.